टेबल हुडका, सर

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे मन्मथअप्पा भाजी आणायला निघतात तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात एक अर्ज असतो. यादी नव्हे, चिठ्ठी नव्हे, रीतसर अर्ज. मी तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला आहे.

"प्रति, मा. मन्मथअप्पा, राहणार येथेच. विषय : अर्धा किलो वांगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी विनंती की, घरातील वांगी काल सकाळीच संपुष्टात आली आहेत. तरी आज रोजी आणून उपकृत करावे. अर्जदार : स्वयंपाकघर."

खाली अप्पांनीच हिरव्या शाईने शेरा मारलेला : "मंजूर. किडकी निघाल्यास परत करणे."

तुम्ही हसलात. सगळे हसतात. मीही हसलो होतो. पण हसून झाल्यावर माझ्या पोटात दुखायला लागलं, कारण त्या कागदावर एकही खाडाखोड नव्हती. वांग्यांवर ह्या माणसाने एका दमात अर्धं पान लिहिलं होतं आणि मी त्या दिवशी सकाळपासून एका वाक्यातला 'परंतु' काढून 'पण' घालत होतो, मग परत 'परंतु' करत होतो.

तर आधी माझं सांगतो. मी जिंतुरात हायस्कूलला मराठी शिकवतो आणि मी लेखक आहे. हे दुसरं मलाच सांगावं लागतं, कारण अकरा वर्षांपूर्वी माझा एक कथासंग्रह निघाला होता. नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला आठवणार नाही. त्यानंतर मी कादंबरी लिहायला घेतली. तिच्या सतराव्या पानावर माझा नायक चारठाण्याच्या जुन्या देवळाच्या पायरीवर एक पाय ठेवतो. दुसरा पाय त्याने अजून उचललेला नाही. अकरा वर्षं तो तसाच उभा आहे. आता तर मला त्याच्या कमरेची काळजी वाटते.

घोडं पुढे जावं म्हणून मी काय केलं नाही? टेबल पूर्वेकडे तोंड करून मांडलं. लोकांनी सांगितलं, पहाटे लिहा. पहाटे उठून बसलो आणि टेबलावरच झोपलो. चार पेन बदलले. प्रेरणा मिळावी म्हणून प्रत्यक्ष चारठाण्याला जाऊन त्या पायरीवर पाय ठेवून उभा राहिलो, तर तिथला एक म्हातारा म्हणाला, "पायात काटा मोडला का हो?" शेवटी पोखर्णीला जाऊन नृसिंहाला साकडं घातलं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "देव खांबातून बाहेर आला ते भक्तासाठी. तुमच्या कादंबरीसाठी कशाला येईल?"

आणि आमच्याच गल्लीत अप्पा. अप्पा अर्जनवीस आहेत. तहसीलच्या गेटाबाहेर लिंबाच्या झाडाखाली त्यांचं टेबल असतं, एका पायाखाली फरशीचा तुकडा लावलेलं. कपाळावर भस्माची तीन बोटं, कानाला अडकवलेला पेन. त्यांचे वडील ह्याच झाडाखाली बसून उर्दूत दरख्वास्ती लिहायचे. आता शेजारी दोन कॉम्प्युटरवाले बसतात, त्यांच्याकडे छापील नमुने तयार असतात. तरी माणसं अप्पांकडे येतात, कारण अप्पांचा अर्ज साहेब शेवटपर्यंत वाचतो, अशी तालुक्यात ख्याती आहे. माझ्या पुस्तकाविषयी असं कुणी म्हटल्याचं कानावर नाही.

अप्पांचं लग्न झालेलं नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "प्रकरण प्रलंबित हाय." साठी उलटली तरी हेच उत्तर. लोक हसतात आणि विषय संपतो.

एकदा मी त्यांना माझं दुखणं सांगून बसलो. माणूस हकीम सोडून सगळ्यांना दुखणं सांगतो, तसं. म्हणालो, "अप्पा, लिहिणं अडलंय. सुचतच नाही."

त्यांनी पेन कानावरून काढला. "सर, फाईल अशी हवेत अडकत न्हाई. कुणाच्या तरी टेबलावर असतीया. टेबल हुडका."

"कसलं टेबल? कथा म्हणजे काय सातबारा आहे?"

"तेच म्हणायलोय. तुमी लिहायला बसता तवा कुणाला लिहायलात, हे ठरवता का?"

मी म्हणालो, वाचकांना. अप्पांनी मान हलवली. "वाचक म्हंजे कुणी बी न्हाई. 'सर्व संबंधितांना' म्हणून कागद पाठवला तर एक बी संबंधित वाचत न्हाई. आमी चार सवाल इचारतो बगा. कुणाला लिहायचं? काय पायजे? कामून पायजे? आन् न्हाई मिळालं तर काय व्हईल? तीन सवालांची उत्तरं माणूस फटाफटा देतो. चौथ्याला गप होतो. काही जण रडतेत. मंग मी लिहायला घेतो."

हे ऐकून मला राग आला. राग येण्याचं कारण एवढंच, की ते बरोबर होतं. लेखन म्हणजे साधना असते, अर्ज खरडणं नसतं, असं मी त्यांना बरंच सुनावलं. अप्पांनी ते मन लावून ऐकलं आणि शेवटी म्हणाले, "लय चांगलं बोलता सर तुमी. हेच लिहा की."

ह्यानंतर वर्षभरात ते घडलं. इथल्या एका साप्ताहिकात अप्पांचं सदर सुरू झालं. नाव 'खुलासा व्हावा'. दर आठवड्याला एक अर्ज. पण अर्जदार कोण? तर शाळेची घंटा, जिची जागा आता बटणाच्या बेलने घेतली. बसची शेवटची सीट, जिला मधूनमधून पुढे बसायचं आहे. कापसाच्या गाडीमागे बांधून आठवडी बाजारात आणलेली म्हैस, जिचं म्हणणं होतं की गिऱ्हाइकाने दात बघण्याआधी निदान नाव तरी विचारावं.

जिंतूर वेडं झालं. चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचन होऊ लागलं. पालक-सभेत एक बाई मला भेटायला आल्या. मला वाटलं, मुलाचं विचारतील. तर म्हणाल्या, "सर, तुमी त्या म्हशीवाल्या अप्पांच्या गल्लीत राहता ना?" अकरा वर्षांच्या साहित्यसेवेनंतर माझा पत्ता म्हशीवरून लागू लागला होता.

आणि घरी सुनंदा. माझ्या कथासंग्रहावर तिने दिलेला अभिप्राय, "अक्षरं सुबक छापलीत," हा होता. तीच सुनंदा दर शुक्रवारी ओट्यापाशी उभी राहून अप्पांचं सदर वाचायची आणि हसता हसता फोडणी करपवायची. "अहो, ऐकलंत का? घंटा म्हणते, मला निदान पंधरा ऑगस्टला तरी वाजवा!" मी करपलेली भाजी मुकाट्याने खायचो. माझ्या घरात माझ्या पैशाच्या गॅसवर दुसऱ्या लेखकाचं कौतुक शिजत होतं.

एकच सुख होतं. सदर छापायला देण्याआधी अप्पा ते मला दाखवायचे. "तपासून द्या, सर. आमचं शुद्धलेखन म्हंजे बेवारस गुरं." मी लाल पेन घेऊन बसायचो. काय तपासायचो ते! कुठे वेलांटी, कुठे अनुस्वार, कुठे उगीचच स्वल्पविराम. पान रक्तबंबाळ झाल्यावर मला शांत झोप लागायची. अप्पा मात्र ते दोन्ही हातांनी घ्यायचे आणि म्हणायचे, "लय उपकार झाले." माझ्या लाल शाईवर ते रागावले असते तर मी त्यांना माफ केलं असतं.

मग यंदा शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात साप्ताहिकाच्या संपादकांनी दिवाळी अंकासाठी आम्हा दोघांकडे कथा मागितली. मी कॉलर ताठ करून हो म्हणालो. चारच दिवसांनी अप्पा शाळेच्या फाटकात उभे. हातात बंद लिफाफा, डिंकाने नीट चिकटवलेला.

"सर, हे जरा बगा. घाई न्हाई. फुरसतीनं."

मी लिफाफा हातात तोलला. आत जाड कागद. कथा! चार दिवसांत! माझ्याकडे तेव्हा फक्त शीर्षक होतं, तेही मला आवडत नव्हतं.

मी तो लिफाफा स्टाफरूममधल्या माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला. वर हजेरीपट ठेवला, हजेरीपटावर घटक चाचणीचे गठ्ठे. उघडला नाही. उघडला असता तर ती कथा चांगली निघाली असती, ह्याची मला पक्की खात्री होती. न उघडलेली कथा वाईटही असू शकते, एवढाच आधार होता. आणि खरं सांगायचं तर दिवाळी अंकाची तारीख निघून जावी, असं मला मनापासून वाटत होतं. मुलांना नीतिमूल्यं शिकवणारा माणूस मी. पण हे झालं खरं.

आषाढ गेला, श्रावण गेला. अप्पा रस्त्यात भेटत. मी आपणहून म्हणायचो, "वाचायलोय, अप्पा, वाचायलोय." ते म्हणायचे, "सावकाश, सर." ह्या माणसाची शिस्त अशी, की कुठल्याही कचेरीत अर्ज दिला की पंधराव्या दिवशी स्मरणपत्र एक, तिसाव्या दिवशी स्मरणपत्र दोन. मला एकही स्मरणपत्र आलं नाही. तेव्हा मला ते सोयीचं वाटलं.

दसऱ्याच्या सुमारास 'खुलासा व्हावा' बंद पडलं. सदराच्या जागी चौकट होती : "अर्जनवीस यांना सुचत नसल्याने सदर स्थगित."

मी ते दोनदा वाचलं. मग सुनंदाला दिसू नये म्हणून गॅलरीत जाऊन तिसऱ्यांदा वाचलं. काय सांगू, किती हलकं वाटलं! आला ना महाशयांना अनुभव! आता विचारा चार सवाल! त्या शुक्रवारी फोडणी करपली नाही, पण भाजी अळणी झाली. सुनंदा म्हणाली, "अप्पांना बरं नाहीये का हो? जाऊन तरी या." मी म्हणालो, लेखकाच्या आयुष्यात असे काळ येतात. हे वाक्य मला कधीपासून कुणाला तरी ऐकवायचं होतं.

पण आठवडाभरात मोंढ्याजवळ संपादक भेटले. चेहरा उतरलेला. "सर, तुमी तरी सांगा की अप्पाला. लोक अंक परत करायलेत. आन् हा बाबा म्हणतो, फाईल एका टेबलावर अडकली हाय, तिथून आल्याबिगर पुढचं सुचत न्हाई."

"कुणाच्या टेबलावर?" मी विचारलं.

"तेच तर सांगंना. म्हणतो, त्या सायबाची अडचण असंल, नाव घेऊ ने."

मोंढ्यात त्या वेळी सोयाबीनच्या पोत्यांची चढ-उतार चालली होती. मी तिथेच एका पोत्यावर बसलो. मग उठलो आणि सरळ शाळेत गेलो. रविवार होता, शिपायाला घरून बोलावून स्टाफरूम उघडायला लावली. चाचणीचे गठ्ठे काढले, हजेरीपट काढला, लिफाफा फोडला.

ती कथा नव्हती.

"प्रति, मा. सर, लेखक, आमचीच गल्ली. विषय : आपल्या पुस्तकातील पान एक्केचाळीसवरील इसमाबाबत.

महोदय, सविनय सादर की, आपल्या पुस्तकात पान एक्केचाळीसवर तहसीलच्या गेटाजवळ एक अर्जनवीस बसलेला आहे. आपल्या कथेतील पोस्टमन त्यास पाणी मागतो. सदर इसम पाणी देतो, टेबल आवरतो व पिशवी घेऊन घरी निघतो. त्यानंतर सदर इसमाचा उल्लेख संपूर्ण पुस्तकात कोठेही आढळून येत नाही. पुस्तक पुनःपुन्हा तपासले.

आज अकरा वर्षे झाली. सदर इसम घरी पोहोचला किंवा कसे, हे समजून येत नाही. त्याच्या घरी कोण आहे, दार कोण उघडते, हातातील पिशवी घेऊन 'काय आणलं?' असे विचारणारे कोणी आहे काय, याचा खुलासा व्हावा.

मी दर आठवड्यास काहीबाही लिहितो, ते घंटा व म्हशीविषयी असते. माणसाविषयी लिहू गेल्यास माझा हात चालत नाही. आपला चालतो. तरी आपण दुसरे पुस्तक लवकर लिहून सदर इसमास घरी पोहोचते करावे, ही नम्र विनंती.

आजवर दुसऱ्यांच्या नावे पुष्कळ अर्ज लिहिले. स्वतःच्या नावे हा पहिलाच असल्याने चूकभूल माफ असावी. अर्जदार : मन्मथअप्पा."

सोबत जाड कागद होता तो म्हणजे माझ्या पुस्तकातल्या पान एक्केचाळीसची त्यांनी हाताने काढलेली नक्कल, पुरावा म्हणून जोडलेली.

मला तो अर्जनवीस आठवतसुद्धा नव्हता. पोस्टमनला तहान लागलेली दाखवायची होती, म्हणून मी कुणाच्या तरी हातात तांब्या दिला होता. दोन ओळी. माझं काम झालं आणि मी त्या माणसाला रस्त्यात सोडून दिलं. आणि इकडे एक जण अकरा वर्षं त्याची वाट बघत होता. मला भयंकर लाज वाटली. आणि, लपवत नाही, त्या लाजेतही एक कळ उठलीच : हा अर्जसुद्धा माझ्यापेक्षा चांगला लिहिला होता.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तहसीलवर गेलो. अप्पांसमोर दोन बाया बसल्या होत्या. त्यांनी मला नंबराला बसवलं. माझी पाळी आली तेव्हा कागद पुढे ओढून सवयीने म्हणाले, "बोला. कुणाला लिहायचंय?"

"तुम्हालाच," मी म्हणालो. "खुलासा द्यायचाय. पण आधी माहिती लागेल. अप्पा, त्याच्या घरी कोण असतं?"

अप्पांनी पेनाचं टोपण लावलं. परत काढलं. "ते लेखकानं सांगायचं असतंय, सर. आमी काय सांगावं?"

"बरं. चौथा सवाल तरी सांगा. हा खुलासा नाही मिळाला तर काय होईल?"

बराच वेळ ते लिंबाच्या बुंध्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काय व्हईल? काय बी न्हाई होत, सर. इतके दिस काय झालं? फक्त अर्धा किलो वांगी चार दिस पुरतेत."

तेव्हा कुठे मला तो स्वयंपाकघराचा अर्ज खरा वाचता आला. सगळा तालुका ज्यावर हसला, तो अर्ज त्या घरातली भांडी करत होती, कारण अप्पांकडे काही मागायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

मी त्यांच्याकडूनच एक कोरा कागद घेतला आणि बाकावर सरकून लिहायला बसलो. वर लिहिलं, 'प्रति, मन्मथअप्पा'. पूर्वेकडे तोंड नव्हतं, पेन अप्पांचा होता, बाजूला कॉम्प्युटरवाल्याचा प्रिंटर करकरत होता. संध्याकाळपर्यंत तीन पानं झाली. माझा अर्जनवीस टेबल आवरून निघाला, मोंढ्यातून गेला, भाजी घेतली, गल्लीत शिरला. त्याच्या घराला कुलूपच होतं. ते मला बदलता आलं नाही, खोटं झालं असतं. पण कुलूप काढताना पलीकडच्या दारातून एका बाईने विचारलं, "काय आणलं आज?" तेवढं मी लिहिलं. देवळाच्या पायरीवरच्या नायकाची मी मनोमन माफी मागितली. त्याला आता बसायला सांगितलं आहे.

घरी येऊन पानं सुनंदाच्या हातात दिली. अप्पांच्या अर्जाविषयी एक अक्षर बोललो नाही. ती ओट्यापाशी उभी राहून वाचत होती आणि मी दाराशी उभा राहून तिच्याकडे बघत होतो. ती हसली नाही. फोडणी मात्र करपली.

पानं तिथेच ठेवून ती हात पुसत फाटकाशी गेली. समोरून अप्पा पिशवी घेऊन येत होते, रोजच्यासारखे खालमानेने, खिशात मंजूर झालेला अर्ज.

"अप्पा," सुनंदाने विचारलं, "काय आणलं आज?"

अप्पा थांबले. तिच्याकडे बघितलं, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. मग त्यांनी पिशवी फाटकाच्या कठड्यावर टेकवली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडून धरलं.

"वांगी हायत, वैनी," ते म्हणाले. "बगा की. लय ताजी हायत. देठाला अजून काटे हायत, हाताला टोचतेत."

सुनंदा पिशवीत वाकून एकेक वांगं बघायला लागली, आणि अप्पा प्रत्येक वांग्याची माहिती देऊ लागले. मी घाईघाईने आत पळालो. ते देठाचे काटे अप्पांनी लिहायच्या आत मला लिहून काढायचे होते.